बाकी

माझं काम बोलणं टिपण्याचं. शांतता टिपायला
स्टेनोच्या यंत्रावर कळ नाही.
म्हणून त्या सकाळच्या नोंदीत हे सापडणार नाही
की उत्तर देण्याआधी डॉ. हेल्मी साल्मिनेन
खिडकीतून बंदराकडे बघत राहिल्या,
आणि सार्डिनचा वास कोर्टातही आला होता,
ओडील सीरच्या कोटाबरोबर.

ओडील एकवीस वर्षं, मेन राज्यातल्या त्या कारखान्यात,
कात्रीने माशांची डोकी उडवायची. डब्यात पाच.
अंगठ्याला पट्टी कायमचीच.
शेजारच्या टेबलावर पुरुष. तोच मासा, तोच डबा,
पगाराचं पाकीट तेवढं जाड.

बाईंनी खडू मागितला.
अनुभव कमी असेल, वकील प्रूइट म्हणाले. बाईंनी अनुभव वजा केला.
हाताचा वेग? तोही वजा.
रात्रपाळी, वय, शाळा, बाळंतपणाच्या रजा,
एकेक कारण फळ्यावर आलं आणि आपला वाटा उचलून गेलं.
तरी तासाला एकेचाळीस सेंट उरले,
कुठल्याच कारणाच्या नावावर नसलेले.

"आयुष्यात एक तरी मासा डब्यात भरलाय का तुम्ही?"
"नाही. ओडीलने एकही लॉगरिदम काढलेला नाही.
म्हणून तर दोघी आलोय."
(हशा, असं मी कंसात टाकलं. ते टाकता येतं.)

मग जज्जसाहेबांनी चष्मा पुसत विचारलं,
हा निव्वळ योगायोग नसेल कशावरून?
आणि ती शांतता.
"असू शकेल," बाई म्हणाल्या. "आज दुपारी समुद्र
कोर्टाच्या पायऱ्या चढून येईल, हेही होऊ शकेल.
पण तळमजल्यावरच्या फायली आपण हलवलेल्या नाहीत."

तिथेच जिंकल्या असत्या.
पण प्रूइटने अडुसष्ट सालची वही पुढे केली.
चार महिन्यांची पानं पाण्याने गेलेली.
तिथले आकडे तुम्ही अंदाजाने भरलेत ना?
"नाही. जिथे आकडा नाही तिथे मी रिकामं ठेवते."
ओडीलच्या वकिलाने डोळे मिटले.
खटला त्या चार रिकाम्या महिन्यांतून गळून गेला.

अपिलात पाच वर्षं.
चेक आला तेव्हा कारखान्याच्या जागी बोटींचं गोदाम होतं,
आणि ओडीलचा कात्रीचा हात अर्धांगाने गेलेला.
तिने डाव्या हाताने सही केली. बँकेने परत पाठवली.
बाई स्वतः गाडी काढून बँकेत गेल्या.
काय बोलल्या माहीत नाही, मी तिथे टिपायला नव्हते.

संध्याकाळी मी टेकडीवरच्या विद्यापीठात
बाईंचे निबंध टाइप करायला जायचे.
दारावरच्या पाटीत नावाआधी 'सहायक',
चौदा वर्षं तोच शब्द, पितळ मात्र घासून चकचकीत.
एकदा त्यांनी एक तक्ता दिला. त्रेसष्ट ओळी.
नावं नाहीत. पदवी, छापलेले निबंध, वर्षं, पगार,
आणि शेवटच्या रकान्यात, सगळं वजा जाता, बाकी.
सतराव्या ओळीची बाकी सगळ्यात खोल,
आणि तिच्यावरच कॉफीच्या कपाचा गोल.

"ही कोण?" मी विचारलं.
"आहे एक बाई. अजून दावा लावलेला नाही तिने."
मग कागद ओढून घेत, अगदी सहज,
"कोर्टात तुला पानामागे किती देतात गं?
आणि त्या रॉइसला?"

मी सांगितलं.
दोन्ही आकडे एका श्वासात कधी उच्चारले नव्हते मी.
बाईंनी कानामागची पेन्सिल काढली.
माझी बोटं टाइपरायटरवरून उचललेली राहिली,
किती वेळ, त्याची नोंद नाही.